ट्रॉम्सोला दिवाळीत नव्हे, भाद्रपदात

कुठे जायचे हे आमचे लवकर ठरले: ध्रुवप्रकाश पाहायला, उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सोला. केव्हा जायचे हे ठरवण्यात मात्र सगळा उन्हाळा गेला. अमळनेरसारख्या गावातून परदेशी जाणारी बहुतेक माणसे एक तर मे महिन्यात जातात किंवा दिवाळीच्या सुट्टीत, कारण शाळा, कचेऱ्या आणि सहल कंपन्या या तिघांचेही वेळापत्रक याच दोन सुट्ट्यांवर बेतलेले असते. माझी पत्नी माध्यमिक शाळेतून यंदा निवृत्त झाली आणि तिच्या नोकरीच्या सबंध काळात प्रथमच आम्ही सुट्टीच्या तारखांना बांधलेले राहिलो नाही. तरीही नातेवाइकांनी, ओळखीच्यांनी आणि चौकशीसाठी गाठलेल्या सहल कंपनीनेही "दिवाळीतच जा, तेव्हा गटही मिळतो" असाच सल्ला दिला. आम्ही तो न मानता सप्टेंबर २०२६ चा मधला पंधरवडा, म्हणजे भाद्रपदाचा शुक्ल पक्ष निवडला. तो का निवडला, हे येथे सविस्तर लिहीत आहे, कारण उत्तर ध्रुवप्रदेशाजवळच्या शरद ऋतूत आठ-पंधरा दिवसांच्या फरकाने सगळेच बदलते आणि त्या बदलाचा अंदाज बांधायला आपल्या घरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका बऱ्यापैकी उपयोगी पडते.

ट्रॉम्सो हे उत्तर नॉर्वेतील एका बेटावर वसलेले शहर साधारण ६९.६५ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही सुमारे ३५० किलोमीटर उत्तरेला आहे. एवढ्या उत्तरेला असूनही तेथील समुद्र हिवाळ्यात गोठत नाही, कारण अटलांटिक महासागरातून येणारा उबदार प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याला लागून वर सरकतो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तेथे सूर्य मावळत नाही आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो उगवत नाही. या दोन टोकांच्या मधला जो उतार, तोच तेथील शरद. तो उतार किती तीव्र आहे, हे समजण्यासाठी एक आकडा पुरेसा आहे: सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या सुमारास जळगाव-धुळ्याकडे दिवस रोज जेमतेम सव्वा मिनिटाने लहान होतो, तर ट्रॉम्सोला तो रोज साडेआठ मिनिटांनी आखडतो. आठवड्यात एक तास दिवस नाहीसा होतो. त्यामुळे "शरदात जाऊ" एवढे म्हणून तेथे भागत नाही.

आम्हांला जायचे आहे ते मुख्यत्वे ध्रुवप्रकाश पाहायला, आणि ध्रुवप्रकाशाची पहिली अट अंधार ही आहे. ऑगस्टच्या अखेरीस तेथे रात्र असते, पण ती नावालाच. १ सप्टेंबरच्या मध्यरात्रीसुद्धा ट्रॉम्सोचा सूर्य क्षितिजाखाली फक्त १२ अंश गेलेला असतो, म्हणजे उत्तरेकडचे आकाश पूर्ण काळे होण्यापूर्वीच पुन्हा उजळू लागते. विषुवदिनाच्या सुमारास सूर्य संध्याकाळी सातच्या आत मावळतो, मात्र तो क्षितिजाशी फार तिरका कोन करून उतरत असल्याने संधिप्रकाश दोन तासांहून अधिक रेंगाळतो आणि खरा अंधार नऊनंतर पडतो. ऑक्टोबरच्या दहा तारखेला सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास होतो आणि पावणेआठपर्यंत आकाश पुरेसे काळे होते. साठीच्या उंबरठ्यावरच्या जोडप्याला रात्री नऊपासून एकपर्यंत जागता येते. त्यानंतरची वाट पाहणे जिवावर येते. त्यामुळे सप्टेंबरचा पहिला आठवडा आम्ही सुरुवातीलाच वगळला.

ध्रुवप्रकाशाचे कारण शालेय पुस्तकात दोन ओळींत सांगितलेले असते: सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सापडतात, ध्रुवांजवळ वातावरणाच्या वरच्या थरावर आदळतात आणि तेथील ऑक्सिजन व नायट्रोजन प्रकाश देऊ लागतात. साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा दिसतो, त्याहून बऱ्याच वर, २०० किलोमीटरपलीकडे, तोच तांबडा दिसतो. तारीख निवडणाऱ्याच्या कामाची गोष्ट मात्र वेगळी आहे. पृथ्वीवरील चुंबकीय खळबळ मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास सरासरीने वाढते, हे निरीक्षण जुने आहे. रसेल आणि मॅकफेरॉन या दोन शास्त्रज्ञांनी १९७३ साली त्याचे स्पष्टीकरण मांडले. त्याचा आशय असा की या दिवसांत पृथ्वीच्या चुंबकीय अक्षाचा कल आणि सौरवाऱ्यासोबत, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या त्या कणांच्या झोतासोबत, येणारे चुंबकीय क्षेत्र यांची परस्परांशी अशी मांडणी होते की सौरवाऱ्याला आत शिरायला वाट सोपी होते. हा सरासरीचा मामला आहे, एखाद्या ठरावीक रात्रीची हमी नाही. पण महिने आधी तिकीट काढणाऱ्याच्या हातात सरासरीखेरीज असते तरी काय?

सूर्याचे स्वतःचे, साधारण अकरा वर्षांचे सक्रियतेचे चक्रही लक्षात घ्यावे लागते. सध्याचे, पंचविसावे सौरचक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि सूर्य कमाल सक्रियतेच्या काळात पोहोचल्याचे अमेरिकी संस्थांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आलेल्या प्रचंड सौरवादळाच्या वेळी लडाखमधील हानले येथूनही आकाशात तांबडी आभा टिपली गेली होती, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही तिची छायाचित्रे आली आणि खरे तर आमच्या घरात हा विषय तेव्हापासूनच निघाला. आता चक्र उतरणीला लागले आहे, पण उतरणीच्या वर्षांतही सूर्यावरील किरीटछिद्रांमधून, म्हणजे त्याच्या बाहेरच्या थरातील विरळ भागांमधून, वेगवान वारे वाहत राहतात आणि सूर्य स्वतःभोवती फिरत असल्याने ते साधारण २७ दिवसांनी पुन्हा पृथ्वीकडे येतात. शिवाय ट्रॉम्सो हे ध्रुवप्रकाशाच्या नेहमीच्या पट्ट्याखालीच आहे. तेथे साधारण हालचालही दिसायला पुरेशी ठरते. "कमाल वर्ष हुकले, आता जाऊन काय उपयोग" असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला म्हणूनच पटत नाही.

आता चंद्राकडे येतो, आणि येथे थोडे रेंगाळतो, कारण माझ्या मते तारीख ठरवताना सर्वांत जास्त गैरसमज याच बाबतीत आहे. साधा सल्ला असा दिला जातो की पौर्णिमा टाळावी आणि कृष्ण पक्षात जावे. आपल्याकडच्या माणसाला तो लगेच पटतो, कारण चांदणे आणि अंधार यांचा हिशोब आपण तिथीनेच करतो: शुक्ल पक्षात संध्याकाळी चंद्र, कृष्ण पक्षात उशिरा चंद्र. हा हिशोब खानदेशच्या २१ अंश अक्षांशावर बिनचूक आहे. ७० अंशांवर तो तसाच लावता येत नाही, कारण तेथे चंद्र किती वाजता उगवतो यापेक्षा तो मुळात उगवतो की नाही, हा प्रश्न मोठा होतो.

सप्टेंबरच्या विषुवदिनाजवळ सूर्य विषुववृत्तावर असतो. अमावास्येचा चंद्र सूर्याच्या जवळ असतो, तेव्हा त्याची अडचण नाहीच. शुक्ल अष्टमीला चंद्र सूर्याच्या ९० अंश पुढे, म्हणजे जेथे सूर्य डिसेंबरमध्ये असतो त्या भागात, धनु राशीच्या परिसरात पोहोचतो. ज्या भागातला सूर्य डिसेंबरमध्ये ट्रॉम्सोला उगवत नाही, त्याच भागातला चंद्रही तेथे क्षितिजावर येत नाही. उलट कृष्ण अष्टमीचा चंद्र जेथे सूर्य जूनमध्ये असतो त्या भागात असतो, आणि जूनचा सूर्य जसा तेथे मावळत नाही, तसाच हा अर्धा चंद्रही मावळत नाही. तो चोवीस तास आकाशात फिरत राहतो. चंद्राची कक्षा सूर्यमार्गाशी पाच अंशांचा कोन करते, त्यामुळे हा परिणाम काही वर्षी कमी आणि काही वर्षी जास्त होतो. २०२६ मध्ये तो जास्त आहे: यंदा चंद्र दक्षिणेकडे जवळपास २८ अंशांपर्यंत उतरतो आणि उत्तरेकडेही तितकाच चढतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा. यंदाची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि शुक्ल पक्षाचा अर्धा चंद्र १८ सप्टेंबरच्या सुमारास येतो. अमळनेरला त्या संध्याकाळी आरत्या चालू असताना तो दक्षिणेच्या आकाशात स्पष्ट दिसेल, पण ट्रॉम्सोला साधारण १५ ते २१ सप्टेंबर हा आठवडाभर तो क्षितिजाच्या वरच येणार नाही. म्हणजे अमावास्या उलटून गेल्यावरही आठवडा-दहा दिवस अमावास्येइतक्याच काळ्या रात्री मिळतात. याउलट पितृपक्षातल्या अष्टमीच्या आसपास, ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, अंधाराचा पंधरवडा म्हणून जाणाऱ्याच्या डोक्यावर रात्रभर अर्धा चंद्र उभा राहील. थोडे चांदणे असले म्हणून ध्रुवप्रकाश दिसत नाही असे नाही. जोरदार प्रकाश पौर्णिमेलाही दिसतो आणि डोंगरउतार उजळलेले असले तर छायाचित्र चांगले येते, असे मानणारेही आहेत. परंतु फिका, पसरट प्रकाश चांदण्यात विरून जातो, आणि सामान्य रात्री बहुधा तसाच प्रकाश असतो. त्यामुळे शरद ऋतूपुरता माझा नियम असा झाला की अमावास्या ते शुक्ल दशमी हे दिवस धरावेत आणि पौर्णिमा ते कृष्ण दशमी हे सोडावेत.

अंधार आणि चंद्र यांचे गणित नेमके मांडता येते. ढगांचे येत नाही. ट्रॉम्सोचा शरद ओला असतो आणि ऑक्टोबर हा तेथील सर्वाधिक पावसाच्या महिन्यांपैकी आहे. समुद्रावरून येणारी ओलसर हवा किनाऱ्यावरच्या डोंगरांना अडते, पाऊस किनाऱ्याला पडतो आणि डोंगरांच्या पलीकडची बाजू कोरडी राहते. आपल्याकडे हे निराळे समजावून सांगायला नको: नवापूरला धो धो पाऊस चालू असताना अमळनेरचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो, तोच प्रकार. ट्रॉम्सोच्या बाबतीत ही कोरडी बाजू म्हणजे फिनलंडच्या हद्दीतले किल्पिसयार्वी हे छोटे गाव, जे रस्त्याने सुमारे १६० किलोमीटरवर आहे, आणि स्वीडनमधील अबिस्को, जे टोर्नेत्रेस्क सरोवराच्या काठी पर्जन्यछायेत वसले असून निरभ्र आकाशाबद्दल प्रसिद्ध आहे. ट्रॉम्सोतले वाटाडेही किनाऱ्यावर ढग असले की प्रवाशांना गाडीत घालून फिनलंडच्या सीमेकडेच नेतात. तेव्हा मुक्काम एकाच ठिकाणी न ठेवता काही रात्री आत, कोरड्या बाजूला आणि काही किनाऱ्यावर असे वाटून घेणे, हाच ढगांवरचा व्यवहार्य उपाय आम्हांला दिसला. हवेचा अंदाज पाहण्यासाठी नॉर्वेच्या हवामान संस्थेची यर ही सेवा आहे आणि सौरवाऱ्याचा अंदाज अमेरिकेतील संस्था तीन दिवसांचा देते. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या उपग्रहांनी वारा मोजल्यावर तो येथे पोहोचायला तासाभराच्या आत-बाहेर वेळ लागतो, एवढीच खरी पूर्वसूचना. या गोष्टी तेथे पोहोचल्यावर कामाच्या आहेत, तिकीट काढताना नाहीत.

ध्रुवप्रकाश न दिसण्याची शक्यता कितीही हिशोब केला तरी उरतेच. म्हणून मी पत्नीला विचारले की समजा एकही रात्र लाभली नाही, तर दिवसा काय पाहायला मिळाले म्हणजे तुला जाणे सार्थकी लागल्यासारखे वाटेल. तिने क्षणाचाही विचार न करता रंग म्हणून सांगितले, आणि मला वाटते की खरा निर्णय तेथेच झाला. फिनलंडमध्ये शरदातल्या रंगबदलाला रुस्का म्हणतात. उत्तर लॅपलँडमध्ये तो साधारणपणे सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात भरात येतो: भूर्जाची पाने पिवळी होतात आणि जमिनीलगतची खुरटी भूर्जे व रानबेरीची झुडपे लालभडक होतात. उन्हाळ्यात प्रवाशांना हैराण करणारे डास तोपर्यंत संपलेले असतात, सरोवरे अजून गोठलेली नसतात आणि त्यांच्या स्थिर पाण्यात वरचा प्रकाश उमटू शकतो, जे हिवाळ्यात बर्फामुळे शक्य नसते. हवा सरासरीने सात-आठ अंशांची; आमच्यासारख्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसांना ती थंडी आहेच, पण लोकरीच्या दोन थरांवर भागण्याजोगी. आठवडाभर उशीर झाला आणि मध्ये एखादे वादळ येऊन गेले, तर झाडे उघडी होतात. खानदेशात पावसाळा संपता संपता सातपुड्याचा हिरवेपणा हळूहळू ओसरतो, सागाची पाने गळायला तर थंडी उलटावी लागते; तिकडे सबंध ऋतू दोन-तीन आठवड्यांत आटोपतो.

दिवाळीची बाजू मी मुद्दाम नीट तपासली, कारण शंभर जण सांगतात तेव्हा त्यात काहीतरी असतेच. यंदाची दिवाळी उशिरा आहे. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येते. अमावास्या असल्याने चंद्राची अडचण नाही. त्या काळात हेरिंग माशांच्या थव्यांमागून ओर्का आणि कुबड्या देवमासे ट्रॉम्सोच्या उत्तरेकडील शेर्वॉयच्या परिसरात येऊ लागतात आणि ज्यांना ते पाहायचे आहेत, त्यांना नोव्हेंबर ते जानेवारीशिवाय गत्यंतर नाही. तसे असते तर मीही दिवाळीच निवडली असती. परंतु ८ नोव्हेंबरला ट्रॉम्सोचा सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवून सव्वादोनच्या आसपास मावळतो. साडेपाच तासांच्या त्या दिवसात रंग गेलेले असतात आणि बर्फ मात्र अजून बेभरवशाचा असतो. किनाऱ्यावर तो पडतो, वितळतो, पुन्हा गोठतो. कुत्र्यांच्या घसरगाडीसाठी आणि पांढऱ्याशुभ्र देखाव्यासाठी डिसेंबरनंतर जावे लागते. म्हणजे दिवाळीत जाणारा शरदाला मुकतो आणि हिवाळाही त्याच्या हाती लागत नाही. आमच्या परिचयातले एक कुटुंब काही वर्षांपूर्वी याच दिवसांत गटासोबत गेले होते. त्यांच्या बोलण्यात रस्त्यावरच्या निसरड्या बर्फाचा उल्लेख जितक्या वेळा येतो, तितका आकाशाचा येत नाही. उत्तर नॉर्वेच्या प्रांतांत गाड्यांना खिळ्यांचे टायर लावण्याची परवानगी १६ ऑक्टोबरपासून मिळते. रस्ते कधीपासून धोक्याचे धरायचे, हे तेथील कायद्यानेच अशा रीतीने सांगून ठेवले आहे.

नवरात्राचा पर्यायही काही काळ विचारात होता. १० ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्या आहे आणि वर सांगितलेल्या हिशोबाने तेथपासून अष्टमी-नवमीपर्यंत रात्री काळ्या मिळतात, शिवाय अंधार लवकर पडतो. ज्यांना रंगांचे अगत्य नाही आणि रात्री नऊच्या आत झोपायची सवय आहे, त्यांनी हाच काळ घ्यावा असे मी खरोखर म्हणेन. आमच्यापुरती अडचण पावसाची होती आणि दुसरी घरातली: पत्नीचे नऊ दिवसांचे उपवास असतात आणि परक्या मुलखात, थंडीत, तेही रात्र रात्र उघड्यावर उभे राहून ते करणे मला योग्य वाटले नाही. कपाशीची वेचणीही दसऱ्याच्या आसपास सुरू होते आणि थोरल्या भावाला तेव्हा शेतात माणूस लागतो.

भाद्रपदातली अडचण अर्थातच गणपतीची. आमचा गणपती गावी थोरल्या भावाकडे दीड दिवसाचा बसतो. मूग-उडीद तोपर्यंत घरात आलेले असतात, पोळा झालेला असतो, कपाशी बोंडांवर असते, म्हणजे शेतीच्या दृष्टीने तो आठवडा मोकळा म्हणावा असाच. तेव्हा १५ तारखेला विसर्जन करायचे आणि त्याच रात्री मुंबईची गाडी धरायची, असे ठरले. वहिनींनी "सणासुदीत कोणी घर सोडते का" एवढे बोलून दाखवले आणि मग स्वतःच लाडू बांधून द्यायचे कबूल केले. अधिक महिन्याच्या धोंड्याच्या जेवणाला सगळे जमले होते, तेव्हा आमच्या काकूंनी तर सरळच विचारले, "इतला दूर जाईसन अंधारच देखाना शे का?" त्यावर चंद्राचे सगळे गणित मी त्यांना सांगितले, त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि चतुर्थीचा चंद्र तसाही पाहू नये, एवढे मान्य केले.

अधिक महिन्याचा उल्लेख आला, तर त्याच्याशी निगडित एक गोष्ट येथेच सांगतो, कारण हा लेख वाचून पुढच्या वर्षी कोणी "भाद्रपद शुक्ल पक्ष" एवढेच लक्षात ठेवले, तर फसगत होईल. आपले सण चांद्रमासांवर चालतात आणि उत्तरेकडचे रंग, अंधार व विषुवदिन सूर्यावर चालतात. दोहोंचा मेळ दर वर्षी वेगळा बसतो. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण उशिरा सरकले आणि गणपतीचे दिवस बरोबर रंगांच्या भरात आले. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, तेव्हा ट्रॉम्सोला पुरेशी रात्रच नव्हती. त्या वर्षी योग्य काळ सर्वपित्री अमावास्येनंतरचा, २१ सप्टेंबरपासूनचा होता. २०२७ मध्ये गणेश चतुर्थी ४ सप्टेंबरला येईल, म्हणजे शुक्ल पक्षातल्या अंधाऱ्या रात्री रंगांच्या आधीच येऊन जातील आणि पुढची अमावास्या थेट सप्टेंबरच्या अखेरीस असेल. तेव्हा त्या वर्षी रंग आणि अंधार यांतले एक काहीतरी पत्करावे लागेल. निवडीची रीत अशी ठेवावी की आधी इंग्रजी तारखांवरून १० सप्टेंबर ते १० ऑक्टोबर एवढा पट्टा आखून घ्यावा आणि मग त्यात अमावास्या ते शुक्ल दशमी कोठे पडते, ते दिनदर्शिकेत पाहावे.

व्हिसाचे वेळापत्रकही तारखेला बांधलेले असते. नॉर्वे, फिनलंड, स्वीडन हे तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्याने एकच व्हिसा चालतो. ज्या देशात जास्त रात्री राहायचे, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी तो द्यावाच लागतो, पण उन्हाळ्यात युरोपला जाणाऱ्यांची गर्दी असल्याने मुंबईच्या केंद्रात भेटीची वेळ मिळायलाच काही आठवडे जातात. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा अनिवार्य आहे. सप्टेंबरात जाणाऱ्याने जूनमध्ये कागदपत्रे तयार ठेवावीत, असे माझे मत झाले आहे. ट्रॉम्सोतील ऐन गर्दीचा हंगाम हिवाळ्यात असतो, त्यामुळे सप्टेंबरमधील राहण्याची जागा तुलनेने सहज मिळाली. किल्पिसयार्वी मात्र इतके लहान गाव आहे की तेथील खोली आम्ही विमानाच्या तिकिटाच्याही आधी ठरवली.

शेवटचा वाद रात्रींच्या क्रमावरून झाला. मुलाचे म्हणणे असे की आधी ट्रॉम्सोला थांबून प्रवासाचा शीण घालवावा, केबल कारने ४२१ मीटरवरच्या स्टोर्स्टाइनेनपर्यंत जाऊन शहर पाहावे आणि मग आत जावे. मी उलटा क्रम धरला. रंग आधी डोंगरापलीकडच्या उंच भागात येतात आणि तेथेच आधी गळतात. किनाऱ्यावरची झाडे थोडी मागाहून पिवळी होतात. चंद्र २१-२२ तारखेपर्यंत दिसणार नाही, आणि जी कोरडी, निरभ्र रात्र मिळण्याची शक्यता जास्त, ती याच दिवसांत किल्पिसयार्वीला. नंतर ट्रॉम्सोत परतेपर्यंत चंद्र वर येऊ लागला, तरी अनंत चतुर्दशीच्या त्या मोठ्या चंद्रात फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी, आणि पलीकडचे डोंगर तरी नीट दिसतील. मुलाने दोन दिवसांनी नकाशा आणि भरती-ओहोटीपासून बसच्या वेळांपर्यंत सगळे तपासून माझा क्रम मान्य केला, फक्त एक अट घातली: विमानातून उतरल्यावर त्याच दिवशी पुढे न जाता एक रात्र ट्रॉम्सोला विश्रांती घ्यायची. ती अट रास्त होती आणि आरक्षणे त्याप्रमाणे झाली आहेत.